रंगासाठी सनकोट, हाडांसाठी काहीच नाही

स्कूटरवर जॅकेट घातलं की उकडतं, हे कारण पुण्यात यापुढे मला कुणी सांगू नये. ते खोटं आहे आणि त्याचा पुरावा रोज दुपारी नळस्टॉपच्या सिग्नलला उभा असतो. एप्रिल महिना, पारा चाळिशीला टेकलेला, आणि दर दुसऱ्या स्कूटरवर एक बाई. अंगात गुडघ्यापर्यंत येणारा सनकोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. डोकं, कपाळ, नाक, हनुवटी सगळं स्कार्फमध्ये गुंडाळलेलं. उघडे फक्त डोळे, आणि त्यांच्यावरही गॉगल. हातात दंडापर्यंत मोजे, पायात अंगठा वेगळा असलेले मोजे. २०१९ च्या एप्रिलअखेरीस पुण्यात ४३ अंशांची नोंद झाली. त्या आठवड्यातही या शहरातल्या हजारो बायका अशाच नखशिखांत झाकून कामावर गेल्या आणि घरी परतल्या. मीही गेले.

म्हणजे उकाड्यात अंगभर जादा कपडा चढवून गाडी चालवणं आम्हाला उत्तम जमतं. पुरुषांचंही तेच. थंडी पडली की पॅराशूटचं जर्किन बाहेर निघतं. पहाटेच्या गारठ्यात कित्येक जण ते उलटं घालतात, चेन पाठीवर, म्हणजे छातीत वारं शिरत नाही. जून उजाडला की रेनकोटाची विजार चढते. ऊन, धूळ, गारठा, पाऊस, स्कूटरवरच्या प्रत्येक त्रासाला या शहराने कपडा शोधून काढला आहे. एक त्रास सोडून. दुचाकीवरून माणूस पडतो, या साध्या गोष्टीसाठी आपल्या कपाटात एकही कपडा नाही.

मी पडले तेव्हा माझ्या अंगावर सनकोट, स्कार्फ, मोजे हे सगळं होतं. कर्वे रस्त्यावरून डावीकडच्या गल्लीत वळत होते. वेग पंचवीसच्या आसपास. वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची बारीक खडी सांडलेली होती. पुढचं चाक सरकलं आणि मी डाव्या कुशीवर आदळले. आधी कोपर, मग खांदा, मग डोकं. हेल्मेटची डावी बाजू खरवडून निघाली, डोकं शाबूत राहिलं. सनकोटाची बाही मात्र कोपराशी नाहीशी झाली. फाटली असं मी म्हणत नाही, कारण फाटलेल्या कपड्याच्या दोन कडा राहतात. इथे तळहाताएवढं कापड जागेवर उरलंच नव्हतं.

ते कुठे गेलं, हे ड्रेसिंगच्या वेळी कळलं. नर्सने दिवा जवळ ओढला आणि चिमट्याने एकेक धागा बाहेर काढायला लागली. गुलाबी धागे. कोट सुती म्हणून घेतला होता, निघाला सिंथेटिक मिश्रणाचा. रस्त्यावर घासून तापला, वितळला आणि जखमेत बसला. तो निघेपर्यंत पाऊण तास गेला. त्यानंतर तीन आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग, आणि कोपराच्या हाडाला बारीक चीर गेली होती म्हणून पुढे दोन महिने व्यायाम. आजही तो हात पूर्ण सरळ होत नाही. वरच्या फळीवरचा डबा मी उजव्या हाताने काढते. कोटाची ती बाही मी कापून ठेवली आहे, आणि 'शहरात कशाला हवंय जॅकेट' असं कुणी म्हणालं की ती पुढे करते.

शहरात वेगच कुठे असतो, हा आपल्याकडचा लाडका युक्तिवाद. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटची कारवाई कडक झाली, तेव्हा विरोधकांनी बिनहेल्मेटची दुचाकी फेरी काढली आणि हाच युक्तिवाद छाती पुढे काढून मांडला. मला त्या फेरीची लाज वाटते. ज्या शहराला स्वतःच्या शहाणपणाचा इतका अभिमान आहे, त्याने नववीतलं पदार्थविज्ञान विसरावं? स्कूटरवर बसलेल्या माणसाचा खांदा जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. तेवढ्या उंचीवरून खाली येणारी कोणतीही वस्तू ताशी जवळपास अठरा किलोमीटर वेगाने जमिनीला लागते. गाडी ऐंशीने पळत असो, वीसने चालत असो, की सिग्नलला उभी असताना कलंडलेली असो. खाली येण्याचा हा वेग तेवढाच राहतो, कारण तो उंचीने ठरतो. कोपर, खांदा, खुबा यांना बसणारा मार मुख्यतः या वेगाचा. गाडीच्या वेगाचा हिशोब वेगळा, तो सोलवटण्याचा. ताशी चाळीसने जाताना पडलात तर डांबरावर अंग थांबेपर्यंत अंदाजे दहा मीटर घासत जातं. पीएमपीच्या मोठ्या बसपेक्षा थोडंसं कमी अंतर. पातळ टेरिकॉट त्यातलं किती अंतर टिकेल, हे ज्याला बघायचं असेल त्याने माझी बाही बघावी.

स्कूटरच्या जॅकेटला ही दोन कामं करायची असतात. आदळण्याचा जोर हाडापर्यंत पोचू न देणं हे एक, आणि थांबेपर्यंत कातडी व रस्ता यांच्या मध्ये टिकून राहणं हे दुसरं. वारा अडवणं, पाऊस अडवणं, ऊन अडवणं, दिसायला बरं असणं ही सगळी त्यानंतरची कामं. आपण उलटी रांग लावली. शेवटच्या कामांना पहिला मान दिला आणि पहिल्या दोन कामांची नावंही घेईनासे झालो.

हे असं का झालं, याचं मूळ स्कूटरच्या जन्मात आहे. १९४६ साली पियाज्योसाठी कोरादिनो दास्कानिओ याने व्हेस्पा आखली. हा मूळचा विमानांचा इंजिनिअर. मोटरसायकल त्याला गैरसोयीची आणि घाणेरडी वाटायची. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकलं, पायांपुढे ढाल लावली आणि टांग न टाकता बसता येईल अशी मधली जागा मोकळी ठेवली. अंगावरचे नेहमीचे कपडे न बदलता, न मळवता चालवता येईल अशी गाडी, हे त्या आखणीचं वचन होतं. तेच वचन परवान्यावर आकुर्डीला आलं, बजाजच्या कारखान्यातून बाहेर पडलं, १९७२ मध्ये 'चेतक' झालं. १९८४ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक होंडाने गिअर काढून टाकला, बटणावर गाडी सुरू केली, आणि साडी नेसलेली बाई ऑफिसला एकटी जाऊ लागली. त्या गाडीने पुण्याच्या बायकांना जे दिलं त्याचं मोल मी जाणते. माझी आई चाळिशीत गाडी शिकली आणि त्यानंतर कुणाच्याही मागे बसली नाही. पण कपडे बदलावे लागत नाहीत, या सोयीचा आपण भलताच अर्थ लावला. चिखल उडत नाही म्हणजे पडणंही होत नाही, असं धरून चाललो.

चुकीत आपण एकटे नव्हतो, हेही सांगायला हवं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधली मॉड म्हणवणारी पोरं व्हेस्पा आणि लँब्रेटावरून फिरायची. शिंप्याकडून बेतून घेतलेले सूट, आणि वर अमेरिकन सैन्याने मोडीत काढलेला लांब पार्का, एम-५१ नावाचा, कोरियन युद्धाच्या काळातला. सूटवर डाग पडू नये, पाऊस लागू नये, म्हणून तो अंगावर आला. पुढे तीच फॅशन झाली, आणि आजही परदेशात 'स्कूटरचं जॅकेट' म्हटलं की कित्येकांच्या डोळ्यांपुढे तोच हिरवट पार्का येतो. पार्का आणि सनकोट ही सख्खी भावंडं. दोघांनीही आतला कपडा जपला, आतला माणूस नाही.

फरक एवढाच की त्यांच्याकडे पुढे कुणीतरी मोजमाप केलं. युरोपात दुचाकीस्वाराच्या कपड्यांसाठी २०२० पासून ईएन १७०९२ हे मानक आहे. कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राला बांधून काँक्रीटवर टाकतात आणि भोक पडतं का ते बघतात. त्यात वरपासून खाली वर्ग आहेत. 'ट्रिपल ए' वर्गाला कोपर-खांद्यासारख्या जागी ताशी १२० किलोमीटरला समतुल्य घासणं सोसावं लागतं, 'डबल ए'ला सत्तरला, आणि 'ए' वर्गाला पंचेचाळीसला. पंचेचाळीस! हा आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. हा आमचाच वेग आहे. उष्ण हवा आणि शहरातला वेग डोळ्यांसमोर ठेवूनच हलका, जाळीदार 'ए' वर्ग ठेवलेला आहे. म्हणजे कोथरूडहून स्वारगेटला जाणाऱ्या बाईसाठी कपडा कसा असावा हे जगात कुणीतरी बसून ठरवलं, तपासायची रीतही लिहून ठेवली, आणि ज्या शहरात २०१८ मध्येच नोंदलेली वाहनं ३६ लाखांवर गेली आणि त्यांतल्या जवळपास २७ लाख दुचाकी होत्या, त्या शहरात हा कपडा विचारायला गेलं की दुकानदार तोंडाकडे बघतो.

मी गेले होते. हात बरा झाल्यावर पहिला पगार त्यासाठी बाजूला ठेवला होता. दुकानात भिंतभर जॅकेटं टांगलेली. सगळी काळी. कुठे लाल पट्टा, कुठे छातीवर इंग्रजी अक्षरं, खांद्यांवर उंचवटे. सगळी पुरुषांची. बायकांचं म्हणून जे दाखवलं ते पुरुषांचं सर्वांत लहान माप, वर गुलाबी पट्टी. मी घालून तिथेच ठेवलेल्या स्कूटरवर बसले. ही जॅकेटं पुढे झुकून चालवायच्या मोटरसायकलसाठी बेतलेली असतात. स्कूटरवर माणूस पाठ ताठ करून बसतो, त्यामुळे कॉलर गळ्याला काचते, पोटाशी वळ्या पडतात, आणि हात खाली घेतले की कोपराचं पॅड कोपर सोडून पुढे सरकतं. कमरेशी घट्ट इलॅस्टिक. खाली कुर्ता असेल तर त्याचा बोळा होतो. ऑफिसात पोचून जॅकेट काढलं की कमरेखाली चुरगळलेलं कापड. साडीवर तर घालताच येत नाही. मी हे सगळं सांगितलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हे बायकर लोकांसाठी आहे. ॲक्टिव्हाला काय गरज?"

हे वाक्य मला त्या पडण्याहून जास्त लागलं. या धंद्यातल्या माणसांनी सुरक्षेचा कपडा हा मर्दुमकीचा पोशाख करून टाकला आहे. तो विकायचा तर लडाख, हिमालय, धुळीचा लोट, दाढीवाला तरुण. ज्या देशात २०२२ या एका वर्षात दुचाकीवरचे जवळपास ७५ हजार जीव रस्त्यावर गेले, म्हणजे अपघाती मृत्यूंतले शंभरातले चव्वेचाळीस, तिथे मुलाला शाळेत सोडून कामावर जाणारी बाई यांच्या लेखी गिऱ्हाईकच नाही. तिची उंची, तिची छाती, तिचा कुर्ता, तिची बसायची पद्धत यांपैकी एकाचंही माप कुणी घेतलेलं नाही. आणि मग हेच लोक म्हणतात की भारतात लोकांना सुरक्षेची किंमत कळत नाही. बायकांच्या मापाचा एक तरी धड कपडा आधी भिंतीवर लावा आणि मग आम्हाला बोल लावा.

मी खोटी आशा विकायला बसलेली नाही. त्या ७५ हजारांतले बहुतेक जीव जॅकेटने वाचले नसते. ट्रकच्या चाकापुढे कुठलंच कापड टिकत नाही, आणि डोक्यासाठी हेल्मेटला पर्याय नाही. त्याच वर्षी देशात हेल्मेट न घातलेले ५० हजारांहून अधिक लोक दगावले. मी बोलते आहे ते त्या पडण्याबद्दल, ज्याची वर्तमानपत्रात बातमी येत नाही. खडीवर घसरून, कुत्रं आडवं आल्याने, रिक्षाने अचानक ब्रेक मारल्याने, पहिल्या पावसात रस्त्यावर तेल तरंगल्याने माणसं पडतात, उठतात, चार लोक गाडी उभी करून देतात, कुणी पाणी देतं, आणि पुढचे तीन महिने त्यांचा हात वेणी घालण्यापुरताही वर जात नाही. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपघातात सापडलेल्या दोनशेवर दुचाकीस्वारांचा अभ्यास केला, २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. हे कपडे जखमेपासून वाचवतात की फक्त हवामानापासून, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. दुचाकीचं जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात भरती व्हायची वेळ सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी आली, आणि पॅड असलेल्या जागी जखमा आणखी कमी. त्याच अभ्यासात जॅकेटं म्हणून विकलेल्यांपैकी जवळपास तीस टक्के पडताना निकामी ठरली, हेही निघालं. दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. कपडा उपयोगी आहे, आणि नुसतं नाव लावून विकलेला कपडा उपयोगी असेलच असं नाही.

दुसऱ्या आकड्याचा पुरावा आपल्याकडे फूटपाथवर ढिगाने मिळतो. हजार-बाराशेत 'रायडिंग जॅकेट'. खांद्यात हात घालून पॅड बाहेर काढा: गादीवाल्याकडचा स्पंज. अंगठ्याने दाबला तर पलीकडच्या बोटाला लागतो. खऱ्या पॅडवर ईएन १६२१-१ हा आकडा उठवलेला असतो, खांद्यासाठी 'एस' आणि कोपरासाठी 'ई' हे अक्षर असतं, आणि पातळी एक की दोन ते लिहिलेलं असतं. परीक्षेत पाच किलोचं वजन साधारण एक मीटरवरून त्याच्यावर सोडतात आणि खाली किती जोर पोचला ते मोजतात. पहिल्या पातळीला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत सूट, दुसरीला २० पर्यंतच. स्पंजाच्या तुकड्याला हा आकडा कुणीच दिलेला नाही. तरी तो सुरक्षेच्या नावाखाली विकला जातो. औषधाच्या बाटलीत पाणी भरून विकणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच मी या विक्रेत्यांना म्हणते.

सरकारचं वागणं याहून बरं नाही. कायद्याने डोक्याचा विचार केला. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात हेल्मेट आहे, आणि १ जून २०२१ पासून आयएसआय खूण नसलेलं हेल्मेट विकायला मनाई आहे. चांगलं झालं. कपड्यांचा विचार केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिसतो तो १२३व्या नियमात: मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा तरी भाग झाकला पाहिजे. आपण त्याला साडी गार्ड म्हणतो. म्हणजे कपड्यामुळे अपघात होऊ नये, इथवर राज्यकर्ते पोचले. अपघातात कपड्याने माणसाला वाचवावं, इथवर नाही. मला चौकात पोलिसाने जॅकेट तपासलेलं नको आहे, तशी सक्ती मागणारी मी नाही. पण २२ सप्टेंबर २०२५ ला काय झालं ते बघा. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच दिवशी अडीच हजारांवरच्या कपड्यांवरचा कर १२ वरून १८ वर गेला. परीक्षा झालेली पॅडं घातलेलं बरं जॅकेट अडीच हजारांत येत नाही. म्हणजे त्या दिवसापासून गाडी घेणं स्वस्त झालं आणि गाडीवरून पडताना अंग वाचवणं महाग. लग्नातली शेरवानी आणि स्कूटरचं जॅकेट एकाच रकान्यात बसवणाऱ्या माणसाने रकाने भरण्याआधी एकदा तरी दुचाकी चालवली होती का?

आणि हे पुण्यात बसून बघावं लागतं, याचा संताप जास्त. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, १९६६ पासून. देशभरातली वाहनं तिथे तपासली जातात. ब्रेक, दिवे, आरसे, धूर. आकुर्डीला, चाकणला गाड्या बनतात. गाडी बनवण्याचं आणि गाडी तपासण्याचं एवढं ज्ञान दुसऱ्या फार थोड्या शहरांकडे असेल. त्याच टेकडीच्या पायथ्याशी पौड रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीच्या खांद्यावर काय आहे, याची तपासणी कुणाच्याच कामात बसत नाही.

घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दिवसाचे बारा तास जो माणूस दुचाकीवर असतो, त्याच्या अंगात कंपनीने दिलेला टी-शर्ट असतो. पातळ, अर्ध्या बाह्यांचा. आणि पाठीवर जाडजूड पिशवी: आत अस्तर, बाहेर चमकणारी पट्टी. बिर्याणी गार होऊ नये म्हणून विचार झाला, ती रात्री मागच्या गाडीला दिसावी म्हणून विचार झाला. ज्याच्या पाठीवर ती आहे त्याच्या कोपरांवर कुणी एक इंच कापड दिलं नाही. त्या पिशवीवर जेवढा खर्च झाला, तेवढा त्याच्या दोन खांद्यांवर करायला या कंपन्यांना भाग पाडलं पाहिजे. इथे मात्र सक्ती हवी, कारण हा माणूस स्वतःच्या मर्जीने तासाला तीन फेऱ्या मारत नाही.

आता आपल्याबद्दल, म्हणजे गिऱ्हाइकांबद्दल. शेवटी मी पुरुषांच्या मापातलंच एक जाळीचं जॅकेट घेतलं आणि घालून ऑफिसला गेले. लिफ्टमध्ये पहिला प्रश्न, "अगं, लडाखला निघालीस का?" दिवसभरात चार जणींनी, तीन पुरुषांनी हेच विचारलं. संध्याकाळी सोसायटीत काका म्हणाले, "या वयात?" सनकोट घालून, तोंड बांधून, हातमोजे चढवून तीच बाई वीस वर्षं गेली तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. कारण रंग जपणं हे बाईचं काम आहे असं आपण धरलेलं आहे. उजळ कांतीसाठी तिने चाळीस अंशांत स्वतःला कोंडून घेतलं तर तो शहाणपणा, आणि हाडांसाठी घेतलं तर तो थिल्लरपणा. मुलगी काळवंडेल म्हणून आई स्वतः तुळशीबागेत जाऊन सनकोट घेते, मोजे घेते. त्याच मुलीला अठराव्या वर्षी नवी कोरी स्कूटर देताना पाऊण लाखावर खर्च करते, पेढे वाटते, चाकाखाली लिंबू ठेवते. पाच हजारांचं जॅकेट मात्र तिला 'फालतू खर्च' वाटतो. या आयांशी मी भांडले आहे, पुढेही भांडेन. रापलेली कातडी महिन्याभरात पूर्ववत होते. सोलवटलेल्या जागी आलेली कातडी दहा वर्षांनीही वेगळी दिसते. माझं कोपर बघून घ्या.

दिसण्याची गोष्ट निघालीच आहे तर बोलते. जॅकेट दिसायला चांगलं असावं ही मागणी उथळ आहे असं मी मानत नाही. जे ऑफिसच्या खुंटीवर लावायची लाज वाटते ते चौथ्या दिवशी घरी राहतं, आणि घरी राहिलेलं जॅकेट कुणाचंही हाड वाचवत नाही. सनकोट का जिंकला ते बघा. तो कुर्त्यावर बसतो, साडीवर बसतो, अर्ध्या मिनिटात चढतो-उतरतो, घडी करून डिकीत मावतो, घरी धुता येतो, फिकट रंगाचा असल्याने तापत नाही, आणि रात्री सिंहगड रस्त्यावर काळ्या जॅकेटवाल्याच्या आधी तोच दिसतो. बेतणारा कुणी का असेना, त्याला स्कूटरवरची बाई ठाऊक होती. परीक्षा झालेलं जॅकेट बनवणाऱ्यांना ती ठाऊक नाही. एकाकडे माप आहे, दुसऱ्याकडे कापड, आणि दोघांची गाठ घालून द्यायला या शहरात कुणी बसलेलं नाही.

सनकोटात दोषही आहेत. घेर मोठा, बाजूंना चिरा, चालत्या गाडीवर तो फडफडतो आणि मागे बसलेलीचा चाकापाशी लोंबतो. बाही सैल, त्यामुळे पडताना ती कोपरावरून वर सरकते आणि उघडी कातडी रस्त्याला लागते. स्कार्फची मानेमागची जाड गाठ हेल्मेट वर उचलते. पट्टा लावलेला असूनही ते डोक्यावर घट्ट बसत नाही. हे सगळं सुधारता येण्याजोगं आहे. मांडीच्या मध्यापर्यंत लांबी, खाली पट्टीने आवळता येईल असा घेर, मनगटाशी आणि दंडाशी वेल्क्रो. छाती-पाठीला जाळी, खांदे आणि कोपरांच्या बाहेरच्या बाजूला घासणं सोसणारं जाड नायलॉन, दुहेरी शिवण. आत चार खिसे, चार खऱ्या पॅडांसाठी. रंग बदामी, फिकट निळा, पिस्त्याचा. दंडांवर आणि पाठीवर चमकपट्टी. याला कुठलं नवं विज्ञान लागत नाही. पॅड बाजारात सुटे मिळतात, कापड मिळतं, आणि शिवणारे हात या शहरात हवे तेवढे आहेत.

मला कुणी बनवून देईना, म्हणून मी सदाशिव पेठेतल्या माझ्या नेहमीच्या टेलरकडे गेले. दुसऱ्या पातळीची सुटी पॅडं, नायलॉनचा तुकडा आणि ती कापलेली बाही घेऊन. हा कोट कुठल्या यंत्रावर तपासला गेलेला नाही आणि तो 'ए' वर्गाचा आहे असा दावा मी करणार नाही; दुसऱ्या कुणी घरी शिवला तर त्यानेही करू नये. तो सनकोटापेक्षा बरा आहे, एवढंच मी छातीठोकपणे सांगते. टेलरने बाही दिव्यापाशी नेली, भोकातून बोटं घालून बघितली, काही बोलला नाही. मग टेप घेतला. मी सवयीने हात सरळ खाली सोडला.

"असं नको, ताई," तो म्हणाला. "गाडीच्या हँडलवर असतो तसा वाकवा."

मी वाकवला. त्याने खांद्यापासून कोपरापर्यंत मोजलं, कोपराच्या टोकावर खडूने खूण केली, तिथून मनगटापर्यंत मोजलं. मग वहीचं पान उलटलं, वर त्याच्या मुलीचं नाव लिहिलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून तिला हाक मारली.